मुंबईकर मंडळाचे चार लाख आणि गावातली टेलिमेडिसिनची खोली

वेसीपाशी
नमस्कार. मी मूळचा भुदरगड तालुक्याच्या पश्चिम टोकाकडच्या एका गावचा. सध्या नोकरीनिमित्त कोल्हापुरात राहतो. गावाच्या तीन वाड्या आहेत आणि वर डोंगरात एक धनगरवाडा. उपकेंद्र गावातच आहे, तेथे समुदाय आरोग्य अधिकारी ताई नियमित येतात, पण प्राथमिक आरोग्य केंद्र चौदा किलोमीटरवर आहे आणि कोल्हापूरचे सीपीआर हे मोठे सरकारी रुग्णालय गाठायचे तर पावसाळ्यात तीन तास धरून चालावे लागतात. धनगरवाड्यावरचा आजारी माणूस अजूनही घोंगड्याच्या झोळीतून खाली आणतात.

आमचे मुंबईकर मंडळ गिरण्यांच्या काळापासूनचे. मंडळाने यंदा चार लाख रुपये जमवले असून गावात टेलिमेडिसिनची खोली करावी, असा कार्यकारिणीचा आग्रह आहे. समाजमंदिराच्या शेजारची खोली रंगवायची, मोठा टीव्ही आणि कॅमेरा लावायचा, आठवड्यातून दोन दिवस मुंबईचे डॉक्टर पडद्यावर येतील आणि दारावर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लागेल. माझा विरोध नाही, पण मनाला पटतही नाही. गेल्या श्रावणात माझ्या चुलत्यांना रात्री छातीत कळ आली. पित्त समजून घरच्यांनी सोडा पाजला आणि पहिला ईसीजी निघेपर्यंत सकाळ झाली. ते वाचले, पण आता त्यांना बांधावर चालतानाही धाप लागते. अशी खोली असती तर त्या रात्री काय वेगळे झाले असते, हा माझा प्रश्न आहे. ज्यांना या कामाचा प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी लिहावे.

रोखठोक
काहीही वेगळे झाले नसते. रात्री त्या खोलीला कुलूप असते. डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा सरकारचाच निकष आहे. केंद्राची इमारत उभी राहते, पण तेथील डॉक्टरची जागा भरली जात नाही, आणि मग ती रिकामी खुर्ची झाकण्यासाठी तिच्यासमोर पडदा ठेवला जातो. शहरातल्या माणसाला हाडामांसाचा डॉक्टर आणि खेड्यातल्या माणसाला चित्रातला, ही वाटणी आपण वर्गणी काढून का पक्की करावी?

अंबाघाट
टीव्ही मात्र अवश्य घ्यावा. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येतील, क्रिकेटचे सामने उरलेले पाचही दिवस असतात.

स्टेथोस्कोप
मी गडहिंग्लज भागात दवाखाना चालवतो आणि गेली काही वर्षे दूरस्थ सल्ल्याचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्या गावात ही सोय बहुधा आधीपासूनच आहे. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मोहाली केंद्राने तयार केलेली ई-संजीवनी ही सरकारी सेवा दोन प्रकारे चालते. उपकेंद्रातील आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून वरच्या केंद्रातील डॉक्टरांशी जोडून देतात, हा प्रकार नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. रुग्णाने घरूनच स्वतःच्या मोबाईलवरून डॉक्टर गाठायचा, हा दुसरा प्रकार टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये आला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेतून देशभरात दहा कोटी सल्ले दिले गेले. तेव्हा आधी ताईंना जाऊन विचारा की हे त्यांच्याकडे चालते का आणि चालत नसेल तर नेमके कोठे अडते.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात, डॉक्टर हजर नसताना फोनवरून औषधे सांगितली गेली, या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला आणि त्यानंतर आमच्यापैकी अनेकांनी फोनवर सर्दीचे औषध सांगणेही बंद केले. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली तेव्हा कोठे ही भीती कमी झाली. त्यांत औषधांच्या याद्या ठरवून दिल्या आहेत. पॅरासिटामॉल किंवा ओआरएससारखी साधी औषधे कोणत्याही माध्यमातून सांगता येतात, काही औषधे पहिल्या भेटीत फक्त व्हिडिओवर पाहूनच देता येतात, काही केवळ चालू उपचार पुढे न्यायचे असतील तरच, आणि गुंगीची किंवा व्यसन लावणारी औषधे मुळीच देता येत नाहीत. डॉक्टरला समाधान वाटले नाही, तर 'प्रत्यक्ष येऊन दाखवा' असे सांगणे हेही त्याचे कर्तव्यच आहे.

कोठे उपयोग होतो म्हणाल, तर बीपी आणि साखरेचे जुने रुग्ण, त्वचेचे विकार, मानसिक आजार, शस्त्रक्रियेनंतरची पाहणी. पोटदुखीत मात्र माझा हात पोटावर पडल्याशिवाय मी एक शब्दही बोलत नाही. अपेंडिक्सचे पोट दाबूनच कळते, ते पडद्यावर कळत नाही.

चंदगडी काजू
आमच्याकडे आणखी एक पेच आहे. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, त्यामुळे मोठे दुखणे निघाले की आम्ही तिकडेच जातो. बेळगावच्या डॉक्टरांनी पडद्यावरून महाराष्ट्रातल्या रुग्णाला चिठ्ठी दिली तर ती चालते का?

स्टेथोस्कोप
चालते. नोंदणीकृत डॉक्टर भारतातील कोणत्याही राज्यातल्या रुग्णाला दूरस्थ सल्ला देऊ शकतो, असे त्याच मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. सीमाप्रश्न निदान एवढ्यापुरता तरी सुटला आहे.

निवृत्त परिचारिका
डॉक्टरसाहेबांनी त्यांच्या बाजूचे लिहिले, मी पडद्याच्या अलीकडचे लिहिते. माझी छत्तीस वर्षांची नोकरी झाली, त्यांतली बहुतेक राधानगरी आणि गगनबावडा भागात, आणि शेवटची काही वर्षे हे टॅबचे काम मी स्वतः केले आहे.

आमच्या उपकेंद्रात रेंज येत नसे. ती येई भैरोबाच्या देवळाच्या कट्ट्यावर, त्यामुळे रुग्णाला घेऊन कट्ट्यावर बसायचे. खोकल्याचा म्हातारा असेल तर काही बिघडत नाही; शर्ट वर करून तो सगळ्या गावादेखत बसतो. पण एक तरुण सून आली होती, अंगावरून पांढरे जाते म्हणून. कट्ट्यावर चार माणसे पानतंबाखूला बसलेली. डॉक्टर मॅडमनी पडद्यावरून मोठ्याने विचारले, "कधीपासून जातंय?" ती उठली आणि घरी गेली. पुन्हा ती आली तेव्हा दोन महिने होऊन गेले होते आणि ओटीपोट दुखत होते. खोली हवी असेल ती यासाठी हवी, म्हणजे दार लावता येईल आणि आत रेंज येईल अशी. टीव्ही मोठा असण्याची काही गरज नाही, उलट जितका मोठा तितका त्याचा आवाज बाहेर जातो.

काही गोष्टी चुकत चुकत शिकले, त्या सांगते. चट्ट्याचा फोटो बल्बच्या पिवळ्या उजेडात कधी काढू नये. पडवीत दिवसाच्या उजेडात काढावा आणि शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे, म्हणजे चट्टा केवढा आहे ते तिकडे कळते. बोटाला ऑक्सिजनचे यंत्र लावण्यापूर्वी हात चोळून गरम करावेत आणि मेंदी किंवा नेलपॉलिश नसलेले बोट निवडावे. रक्त कमी आहे की नाही हे पापणी ओढून कॅमेऱ्याला दाखवून ठरवू नये, कारण पडदे रंग बदलतात. हिमोग्लोबिन मोजूनच सांगावे.

आणि लहान बाळ आले की आधी श्वास मोजावेत. अंगडे वर करायचे, बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून पोटाकडे पाहायचे. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल तर साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याला पन्नास किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतल्याला चाळीस किंवा जास्त श्वास भरले, तर तो न्यूमोनियाचा धोका समजायचा. तिकडच्या डॉक्टरांना मी "बाळाला दम लागतोय" म्हटले तर ते दहा प्रश्न विचारत. "आठ महिन्यांचे आहे, श्वास चौसष्ट, बरगड्यांखाली खड्डा पडतो" म्हटले की पुढचे वाक्य ॲम्ब्युलन्सचेच येई.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापूनही आले. त्या बायकांच्या पिशवीत कॅमेरा नव्हता.

रोखठोक
ताईंनी माझेच म्हणणे माझ्यापेक्षा चांगले मांडले. शिकलेले हात गावात असतील तर पडदा दुय्यम ठरतो, आणि नसतील तर तो निरुपयोगी असतो.

निवृत्त परिचारिका
नाही हो, तसे मी म्हटलेले नाही. हात शिकलेले असले तरी रात्री दोन वाजता एकटे असतात. "मी आहे, तुम्ही बरोबर करताय" असे पलीकडून कुणी म्हटले की ते थरथरत नाहीत. नोकरीच्या सुरुवातीच्या पंधरा वर्षांत मला तसे म्हणणारे कोणी नव्हते.

पुणेस्थ
मी संगणक क्षेत्रातला, डॉक्टर नव्हे. पण या विषयात एक घोळ नेहमी होतो तो मांडतो. दूरस्थ उपचार म्हणजे थेट व्हिडिओ, असे आपण गृहीत धरतो. जुलै १९९९ मध्ये इंग्लंडच्या स्विनफेन ट्रस्टने ढाक्याजवळच्या सावर येथील, अपंगत्व आलेल्या रुग्णांच्या पुनर्वसन केंद्राला दूरच्या तज्ज्ञांशी जोडून दिले तेव्हा साधने होती एक डिजिटल कॅमेरा, एक तिपाई आणि ईमेल. तिथला डॉक्टर रुग्णाचे फोटो, एक्स-रे आणि माहिती पाठवी आणि दूर देशातला तज्ज्ञ सवडीने वाचून उत्तर देई. त्वचा, हाडे, डोळ्यांचा पडदा, ईसीजी यांना थेट बोलणे लागतच नाही. रेंज दिवसातून दहा मिनिटे मिळाली तरी माहिती जाते आणि उत्तर येते. डोंगरातल्या गावाने याच पद्धतीचा आधी विचार करावा. तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाची गावोगावची दृष्टी केंद्रे याच्या थोडे पुढे जातात: प्रशिक्षित मुलगी डोळे तपासते, फोटो काढते, मोठ्या रुग्णालयातला डॉक्टर ते पाहून रुग्णाशी बोलतो आणि चष्मा तिथेच मिळतो.

पन्हाळ्याची हवा
आमच्या आजीला ई-संजीवनीवर दाखवले होते. डॉक्टरांनी नीट विचारपूस केली, गोळ्या सांगितल्या, रोज अर्धा तास चाला म्हणाले. आजीने आम्हाला दोनच प्रश्न विचारले. पहिला, "सुई कोण मारणार?" आणि दुसरा, "दिवसभर भांगलायला जाते, ते चालणं नव्हं होय?"

स्टेथोस्कोप
आजींचा दुसरा प्रश्न बिनतोड आहे. समोर बसले असते तर त्यांच्या हातांवरचे घट्टे पाहून डॉक्टरांनी तो सल्ला दिलाच नसता. पडद्यावर फक्त चेहरा दिसतो. पहिल्या प्रश्नाने मात्र आम्हा सगळ्यांची झोप उडवली आहे. सुईशिवाय उपचार झाला असे न मानणारा रुग्ण पडद्यापुढून उठतो आणि थेट सलाइन लावणाऱ्याकडे जातो.

माजी वैद्यकीय अधिकारी
सापाचा विषय अजून कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. शाहूवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी नवा असताना पहाटे एक भातकरी आला. जमिनीवर झोपला होता, पोटात दुखते म्हणत होता, अंगावर कोठेही खूण नव्हती. मी पित्ताचे औषध लिहायला घेतले होते. मोबाईलवरून वरिष्ठांना सहज विचारले, तर ते म्हणाले, "व्हिडिओ लाव आणि त्याला छताकडे बघायला सांग." त्याच्या पापण्या अर्ध्यावरच अडल्या. मण्यार. तिचे दात इतके बारीक की खूण राहत नाही. त्याला तासाभरात प्रतिविष सुरू झाले, श्वासाच्या नळीची तयारी ठेवून ॲम्ब्युलन्समधून पुढे पाठवला आणि तो घरी परत आला.

घोणस आणि फुरशाच्या दंशात रक्त गोठत नाही. त्याची चाचणी म्हणजे काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही आणि मग एकदाच कलंडवायची. रक्त वाहिले तर विष भिनले. ही नळी मी नंतर अनेकदा कॅमेऱ्यापुढे कलंडवलेली आहे. यात तंत्रज्ञान कितीसे आहे? पण वीस मिनिटांच्या आत नळी हलवून पाहण्याचा मोह पलीकडून कोणी तरी आवरावा लागतो. विंचूदंशावर प्राझोसिन वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातले कितीतरी जीव वाचवले, तीही साधी गोळीच. ती उपकेंद्रात असली पाहिजे आणि कधी द्यायची हे सांगणारा फोनवर असला पाहिजे.

अंबाघाट
प्रतिविष ड्रोनने पाठवता येणार नाही का?

पुणेस्थ
रवांडात ऑक्टोबर २०१६ पासून मुहांगा येथून रक्ताच्या पिशव्या ड्रोनने जातात आणि छोट्या पॅराशूटने रुग्णालयाच्या अंगणात उतरतात. पण तेथेही पिशवी उतरवून घ्यायला आणि रक्त चढवायला रुग्णालय लागतेच.

शिरोळकर
आम्ही सपाटीवरचे, तरीही २०१९ आणि २०२१ च्या पुरात आम्ही डोंगरातल्यांपेक्षा दुर्गम झालो. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फुटांना धोक्याची पातळी मानतात. २०१९ ला पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेले होते. वडिलांना इन्सुलिन चालू होते आणि घरात वीज नव्हती. माळ्यावर बसून डॉक्टरांशी फोनवर बोललो. त्यांनी सांगितले की इन्सुलिनची कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाणी भरलेल्या मातीच्या मडक्यात ठेवा, आणि वडील नीट जेवत नाहीत म्हणून मात्रा किती कमी करायची तेही सांगितले. मोबाईलची बॅटरी नऊ टक्के होती. त्या फोनला मी टेलिमेडिसिनच म्हणतो, जरी तेव्हा तो शब्द मला ठाऊक नव्हता.

आशाताई
मी आशा म्हणून काम करते. सगळे 'हात' म्हणतात ते हात आमचे आहेत, म्हणून थोडे लिहिते. आम्हाला पगार नसून कामागणिक मोबदला मिळतो. रुग्णाला उपकेंद्रात आणणे, टॅबपुढे बसवणे, डॉक्टरांचे बोलणे त्याच्या भाषेत समजावणे आणि पंधरा दिवसांनी गोळ्या घेतो की नाही हे घरी जाऊन पाहणे, यात अर्धा दिवस जातो आणि तो दिवस आमच्या भांगलणीच्या मजुरीचा असतो. मंडळाने चार लाखांतले थोडे पैसे माणसासाठी ठेवले तर बरे होईल. एका गावात दिलेले असेच एक यंत्र मी पाहिले आहे. उद्घाटनाला लावलेले हळदीकुंकू अजून त्यावर आहे आणि प्लॅस्टिकचे आवरणही काढलेले नाही, कारण ते चालवायचे कोणी, हे कोणी ठरवलेच नाही.

रोखठोक
आशाताईंचा मुद्दा मान्य. माझा राग यंत्रावर नाही, यंत्र देऊन मोकळे होण्यावर आहे.

वेसीपाशी
सर्वांचे आभार. रविवारी गावी जाऊन आलो. ताईंना भेटलो, ई-संजीवनी त्यांच्या टॅबवर खरोखरच आहे. अडचणी तीन निघाल्या. उपकेंद्रात रेंज नाही, वीज गेली की टॅब दिवसभर बंद, आणि डॉक्टरांनी सांगितलेले औषध कपाटात नसले तर रुग्णाला ते आणायला तालुक्याच्या गावी, गारगोटीला जावे लागते, मग तो पुढच्या वेळी थेट गारगोटीलाच जातो. या तिन्हींपैकी एकही अडचण टीव्हीने सुटत नाही, हे मुंबईच्या अध्यक्षांना फोनवर सांगितले. ते थोडे नाराज झाले. पाटीचे काय, असे त्यांनी विचारले. पाटी उपकेंद्राच्या दारावर लावू, आरोग्य खात्याची परवानगी काढू, असे म्हणालो तेव्हा राजी झाले.

आता स्टेथोस्कोप सर, चुलत्यांचा प्रश्न तेवढा राहिला.

स्टेथोस्कोप
तो मी मुद्दाम मागे ठेवला होता. त्या रात्री त्यांना हवे होते ते म्हणजे बारा लीडचे छोटे ईसीजी यंत्र, ते लावता येणारी एक व्यक्ती, त्या कागदाचा फोटो पाहणारा डॉक्टर, चावून खायची एक ॲस्पिरिन आणि १०८. कागद सपाट जागी ठेवून, फ्लॅश बंद करून, कडेच्या मोजपट्टीच्या खुणेसकट फोटो काढला तर निदानाला तो पुरतो. तरीही रात्री ताई गावात मुक्कामाला नसतील तर यंत्र कपाटात राहील, हे मी लपवत नाही. म्हणून गावातल्या दोघा-तिघा बारावी झालेल्या मुलामुलींना ते लावायला शिकवा; वाचायचे डॉक्टरने आहे, त्यांना फक्त चिकटवायचे आहे. मी स्वतः एका रविवारी येऊन शिकवीन. आणि छातीत कळ आली तर सोडा पाजायचा नाही, एवढे वाड्यांवर सांगत फिरायला तर पैसेही लागत नाहीत.

वेसीपाशी
मग हिशेब असा मांडतो: उंचावर अँटेना आणि आत राउटर, दार नीट लागेल असा आडोसा, ईसीजी यंत्र, दोन बीपीची यंत्रे, आणि आशाताई व शिकलेल्या मुलांना वर्षभराचा भत्ता. इन्व्हर्टरवर अडलो आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते आणि वीज दोन-दोन दिवस जाते. साधी पाणी घालायची बॅटरी घ्यावी की लिथियमची?

निवृत्त परिचारिका
पाणी घालायची घेऊ नका. दर महिन्याला पाणी कोणी घालायचे, यावरून आमच्याकडे दोन बॅटऱ्या वाळल्या. आणि कोणतीही घेतलीत तरी ती भिंतीपासून वीतभर पुढे, लाकडी घडवंचीवर ठेवा. आमच्या उपकेंद्रातल्या औषधांच्या खोक्यांना बुरशी खालूनच लागायची.